भुलीचे डॉक्टर

त्या सोमवारी सुकन्या वडिलांचा, अप्पांचा, डबा घेऊन लातूरच्या छोट्या दवाखान्यात पोचली, तेव्हा ऑपरेशन खोळंबलं होतं. शिरूर अनंतपाळच्या शांतम्मा गळ्यातल्या चांदीच्या पेटीतलं इष्टलिंग काढू देत नव्हत्या.

"चांदीनं भाजतंय मावशी, आत करंटची मशीन असती," नर्स जेबा काकुळतीला आली होती.

"भाजू दे. लिंग काढलं तर मी मेलेच की!"

अप्पा, म्हणजे भूल देणारे डॉक्टर मल्लिनाथ, पुढे झाले. "चांदीची पेटी लेकाकडं देऊ. लिंग कापडात बांधून तुमच्या डाव्या मुठीत. मूठ सुटली तर मी धरतो."

"अन् तुमी झोपलाव तर?"

"आत झोपायचं काम तुमचं."

"अभिषेक झाला असंल तर सुरू करू का, मल्लिनाथ?" आतून सर्जननं टोमणा मारला.

सुकन्या दाराच्या काचेतून बघत राहिली. सगळ्यांच्या नजरा पोटावर होत्या. अप्पा तेवढे शांतम्मांच्या उशाशी. एक डोळा मॉनिटरच्या पडद्यावर, एक छातीच्या वरखाली होण्यावर, बोटं त्या मुठीवर. नाडीही तिथंच. मध्येच त्यांनी हात वर केला. सर्जनचे हात जागीच थांबले. अप्पांनी सलाईनमधून इंजेक्शन दिलं, पडद्याकडे पाहत थांबले, मग मान हलवली. तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. ज्या माणसाचं नाव पाटीवरही नव्हतं, त्याच्या एका हातासरशी अख्खी खोली थांबली होती.

सातवीत असताना तिनं वर्गात ठोकून दिलं होतं, माझे वडील ऑपरेशन करतात. पालकसभेत बाई त्यांना 'सर्जनसाहेब' म्हणाल्या, तेव्हा अप्पा नुसते हसले होते. पुढे स्वतः कॉलेजात शिकवायला लागल्यावरही तिनं तीच थाप चालवली.

घरी येताना स्कूटरवर तिला ते सगळं सांगून टाकायचं होतं. पण अप्पा शांतम्मांबद्दलच बोलत होते. "शुद्धीवर आल्या अन् आधी मूठ चाचपली बघ!" तिनं मनाशी म्हटलं, उद्या सांगू.

सकाळी अप्पा उठलेच नाहीत.

दुपारी लिंगायत रीतीनं समाधीच्या खड्ड्यात त्यांना बसवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बोटं मिटेनात. सुकन्यानं खाली उतरून ती आपल्या हातानं मिटली आणि धरून ठेवली.

"ऑपरेशनचे डॉक्टर होते ना?" वर गर्दीत कुणीतरी हळूच विचारलं.

"न्हाई," सुकन्या म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भुलीचे डॉक्टर होते माझे अप्पा. माणूस जागा होईपर्यंत उशाशी बसायचे."