बागेतलं लोखंड

"आज नको. बाहेर धुकं आहे," युनिस म्हणाली आणि तिने हातातला कोट परत खुंटीला अडकवला.

"धुकं माझ्या डोळ्यांत आहे," म्हातारा फेलिउ म्हणाला. "मला सगळे दिवस सारखेच. चल."

फेलिउ मूळचा स्पेनमधल्या कॅटलोनियाचा शिल्पकार. त्याची लोखंडी कामं कुठकुठल्या चौकांत उभी होती, त्यातलं एक इथे, कॅनडातल्या स्कारबरोच्या बागेत. वसईची युनिस होम केअरमधून रोज त्याच्याकडे यायची. हिवाळ्यापर्यंत उरलीसुरली नजरही जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी बागेतलं ते काम एकदा पाहायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि युनिस ते दोन आठवडे टाळत होती.

कारण मे महिना. मे म्हणजे मरियामातेचा महिना. वसईत गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतो, त्याला हार घालायचा, मेणबत्ती लावायची, पुढ्यात बसून जपमाळेवर रोझरी म्हणायची. इथे कुठली गल्ली आणि कुठला क्रूस! पण एका वर्षी वसईच्याच रेबेका मावशीला बागेत माणसाहून उंच लोखंड दिसलं, एक उभं, एक आडवं. झालं! खालची पाटी वाचायची तसदी कोण घेतो? तेव्हापासून दर मे महिन्यात वसईची मंडळी तिथे जमत होती. युनिसही.

आणि फेलिउने तर तरुणपणीच चर्चला कायमचा रामराम ठोकलेला. उपाशी होतो तरी क्रूस घडवायला नकार दिला, हे तो कॉफी पिता पिता अभिमानाने सांगायचा. त्याच्या कामाचं आम्ही काय करून ठेवलंय, हेच त्याला शेवटचं दिसावं? युनिसला त्या विचाराने रडू यायचं.

तिने वॉशरूममध्ये जाऊन नवऱ्याला फोन लावला. "नॉर्बर्ट, आत्ताच बागेत जा. हार काढ, मेण स्क्रेप कर. आम्ही निघतोय."

"अगं, पण क्रूसावरचा ताजा हार कसा काढू?"

"क्रूस नाही तो! जा लवकर."

बागेत मेपलला कोवळी पानं फुटली होती. धुक्यात ती पानं हिरव्या धुरासारखी दिसत होती. व्हीलचेअरची चाकं ओल्या वाटेवर आवाज न करता सरकत होती, आणि फेलिउ डोळे मिटून आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणत होता. हा रस्ता संपूच नये, असं युनिसला वाटलं.

लोखंडापाशी नॉर्बर्ट खाली मान घालून उभा होता. शेजारी रेबेका मावशी. शेवंतीचा हार जागच्या जागी.

"सॉरी गं," नॉर्बर्ट पुटपुटला. "हात धजावला नाही."

"पिवळं काय आहे ते?" फेलिउने विचारलं.

युनिसला खोटं सुचलं नाही. "फुलं आहेत. चूक आमची. आम्हाला हा क्रूस वाटला."

हाताने खूण करून फेलिउने खुर्ची जवळ न्यायला लावली. बोटं लोखंडावरून फिरली, ओघळलेल्या मेणापाशी थांबली. नखाने त्याने थोडं मेण खरवडलं, मग तेही सोडलं.

"ही माझी आई आहे," तो म्हणाला. "बापाला धरायला शिपाई आले, तेव्हा दारात अशी हात पसरून उभी राहिली. त्यांनी नेलंच त्याला. मग काकाने मला सरहद्दीपलीकडे पळवलं. ती मागे राहिली, मागेच गेली. तिला कुठे पुरलं तेही मला माहीत नाही." हात वर करून तो हार चाचपू लागला. "तिला कधी कुणी फुलं वाहिली नव्हती."

युनिसने मावशीला मराठीतून सांगितलं. मावशीने कपाळाला हात लावला. "अरे देवा! म्हणजे इतकी वर्षं आपण ह्याच्या आईला हार घालतोय?" मग जरा वेळाने म्हणाली, "नाव विचार गो तिचं. रोझरीच्या शेवटी आपल्या मेलेल्यांची नावं घेतो ना, त्यात घेऊ."

युनिसने भीत भीत विचारलं. फेलिउने हारावरचा हात खाली घेतला.

"आसुम्प्ता," तो म्हणाला.

रोझरीला अजून अवकाश होता, पण तो परत जायला तयार होईना. हळूहळू मंडळी जमली, मेणबत्त्या लागल्या. शेवटी मावशीने नावं घ्यायला सुरुवात केली. तिचा नवरा, युनिसचे वडील, नॉर्बर्टची बहीण आणि मग अडखळत, आसुम्प्ता.

सगळे आमेन म्हणाले. फेलिउ म्हणाला नाही. त्याने टोपी मात्र काढून मांडीवर ठेवली होती, आणि त्याचे विरळ पांढरे केस वाऱ्यावर उडत होते.