विमानातला झाडू

भागुजीनं सत्काराची शाल खाटेवर भिरकावली. ती घसरून खाली पडली, तरी त्यानं उचलली नाही.

"आलीस ना सगळ्या शिनोलीसमोर माझं नाक कापून?"

त्याची लेक साक्षी चपला काढता काढता दारातच थांबली. तिच्या मागून तिची आई, द्रौपदा, आत आली आणि तडक सैपाकघरात गेली. घरात आवाज चढला की ती तिकडेच जायची.

झालं होतं ते एवढंच. समुद्रापलीकडं दालमीर नावाचा देश आहे, तिथं 'निंबो' नावाची स्वस्त तिकिटांची विमान कंपनी आहे आणि साक्षी तिच्यात हवाई सुंदरी. गावातली पहिलीच. सुट्टीवर आली म्हणून राजरत्न मास्तरांनी विहारात तिचा सत्कार ठेवला. शाल झाली, गुच्छ झाला, भाषणं झाली. मग एका मुलीनं विचारलं, ताई, विमानात तुमी काय काय करता? आणि या शहाणीनं माईकवर जसंच्या तसं सांगितलं. चहा विकते, बिस्किटं विकते, आणि विमान उतरलं की पुढची माणसं चढायच्या आत आम्हीच ते झाडतो. उष्टे कप, सांडलेलं खाणं, ओकारीच्या पिशव्या, सगळं आम्हीच काढतो. स्वस्तातली कंपनी, त्यासाठी वेगळी माणसं ठेवत नाही. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या खुर्चीत बसलेल्या भागुजीनं ते बरोबर ऐकलं.

"खोटं काय सांगितलं मी, आबा?"

"माझ्या बापानं छप्पन साली धम्म घेतला आन् गावचं झाडणं त्याच दिवशी सोडलं. मेलेली ढोरं वढणं सोडलं. गावानं रानातली कामं बंद केली, मारहाण केली. उपाशी ऱ्हायला, पर परत झाडू न्हाई धरला. म्या जल्मभर एसटीत कंडक्टरकी केली, तुला शिकवली. कशापायी? ढगात जाऊन लोकांचं उष्टं काढायला? बास झालं. रविवारी कामावर परत जायचं न्हाई. राजीनामा लिही आन् धाडून दे."

भागुजीचा राग खोटा नव्हता. लहानपणी बापाच्या पाठीवरचे वळ त्यानं हळद लावताना पाहिले होते. ते विसर म्हणायला कुणाची जीभ रेटेल? पण साक्षीही त्याच गोष्टी ऐकत मोठी झाली होती, आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आज्जानं झाडू सोडला, कारण तो फक्त आपल्याच माणसांच्या हातात दिला होता. आमच्या कंपनीत कॅप्टनसुद्धा झाडतो. विमान चालवणारा माणूस माझ्यासंगं वाकून सीटखालचे कागद काढतो. तिथं कुणाला त्याचं काही वाटत नाय."

"मला शहाणपण शिकवू नको."

"मग आपल्या घरात कोण झाडतं ते सांगा."

"तुझी आय झाडती. तिचं घर हाय. त्यात लाज कसली?"

"मग तुमाला नेमकी लाज वाटली कशाची?"

भागुजी ओरडायलाच लागला. नोकरीचा उद्धार केला, त्या दालमीर देशाचा केला, राजरत्न मास्तरांनाही सोडलं नाही. घसा बसला तेव्हा पाटावर जाऊन बसला आणि म्हणाला, "वाढ."

द्रौपदानं दोघांना वाढलं. भाकरी, वाटाण्याची आमटी, कांदा. भागुजी मान वर न करता जेवला. मग तांब्यातलं पाणी घेऊन नेहमीसारखे ताटातच हात धुतले, ताट कोपरानं पुढं सारलं आणि पंच्याला हात पुसत बसला.

ताट तसंच राहिलं. त्यानं वळून पाहिलं. द्रौपदानं स्वतःचं वाढून घेतलं होतं आणि ती साक्षीजवळ बसून जेवत होती. तो उठायच्या आत ती आजवर कधी जेवायला बसली नव्हती.

"अगं, ताट," भागुजी म्हणाला.

द्रौपदानं तोंडातला घास सावकाश चावला, गिळला.

"मीबी त्याच बापाची सून हाय," ती म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. मग तिनं साक्षीच्या ताटात अर्धी भाकरी टाकली. "ज्येव नीट. रविवारी मंचरपतूर मी येते तुला सोडायला."

दोघी जेवत राहिल्या. भागुजी आपल्या ताटाकडं बघत बसून राहिला.