बाहुलीची बाहुली

"बाहुलीची बाहुली इतकी बारीक काढू नको, पोरी. जित्या माणसाचा डोळा असा नसते."

शेजारची तानाआजी असं म्हणाली तेव्हा ममताने मानसुद्धा वर केली नव्हती. हातात तीन केसांचा ब्रश, श्वास रोखलेला, आणि समोर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या बाईचा उजवा डोळा अर्धाच झालेला. अशा वेळी कुणी दारात येऊन बसावं, तंबाखू मळावी आणि वर दोष काढावा, हे तिला मुळीच खपत नसे. त्यातून ती दारव्ह्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. म्हाताऱ्या माणसांना रंगवलेल्या डोळ्यांची भीती वाटतेच, नजर लागते, बाहुली चालती होते, असलं काहीतरी असणार, असं तिने धरून टाकलं. डोळ्यातली बाहुली बारीक काढली की डोळ्याचा रंग उठून दिसतो, फोनवर सगळे असंच काढतात, एवढं सांगून ती पुन्हा ब्रशवर वाकली. आजी उठली, लुगडं झटकलं आणि आपल्या घरी गेली.

रवीचा, तिच्या नवऱ्याचा, जीव त्या एका वाक्यात होता. ममताला ते पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी कळलं.

बाहुल्यांचा नाद लागला तो श्रावस्तीमुळे. श्रावस्ती म्हणजे ममताची साडेतीन वर्षांची मुलगी. आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या पोत्यातून तिने एक बाहुली ओढून काढली आणि सोडायलाच तयार होईना. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, पिवळ्या केसांची, उंच टाचेच्या चपलेसाठी पाय कायमचे चवड्यावर आणलेली. घरी आल्यावर पोरीने बाहुलीचं तोंड न्याहाळलं, मग आईचं न्याहाळलं आणि विचारलं, "हिले धुतलं का हे आपल्यासारखी होते?"

ममताने धुतलं नाही, पुसलं. नखपॉलिश काढायचं औषध घरातल्या कापसावर घेतलं आणि हळूहळू फिरवलं. निळे डोळे, गुलाबी ओठ, धनुष्यासारख्या भुवया, सगळं कापसावर उतरलं. उरलं ते कोरं तोंड. ते बघून तिचे हात शिवशिवले.

पुढचं ती फोनवर बघून शिकली. आधी मॅट वार्निशचा फवारा. तो वाळला की खडूची रंगीत पूड बोटाने चोळायची, मग पाण्यासारख्या पातळ रंगाचे थर, एकावर एक. डोळे सगळ्यात शेवटी. पिवळे केस उपटून काळ्या रेशमाचे केस एकेका भोकातून ओवायचे. तिच्या बाहुल्या सावळ्या होत्या, वावरातून आलेल्या होत्या. कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या, लुगड्याचा काचा मारलेल्या, कपाळावर आठी असलेल्यासुद्धा. कॉलेजातली मैत्रीण शीला आता नागपूरला होती. तिने फोटो बघितले आणि कळवलं, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आमचा पुस्तकांचा स्टॉल असतो, त्यातला एक कोपरा तुझा. बारा बाहुल्या आण.

ममताने त्याच दिवशी मनाशी ठरवलं आणि घरातही सांगून टाकलं. दसऱ्यापर्यंत बारा बाहुल्या, आणि दसऱ्यानंतर रवीच्या पाठीवर फवारणीचा पंप नाही.

सासूला, इंदूबाईला, हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. शिकलेली सून पोरं शिकवायची सोडून मुंडकी रंगवते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. घरात फळीवर ओळीने वाळत ठेवलेली ती बिनधडाची डोकी बघून पाहुण्यांचा चहा गळ्याखाली उतरत नाही, हेही सांगे. रवी मात्र आईचीही बाजू घेई आणि बायकोचीही, आणि सकाळी पंप उचलून चालू लागे.

ते सतरा साल होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. एवढं उंच झाड गावाने कधी बघितलं नव्हतं, आणि एवढी बोंडअळीही नव्हती बघितली. दर चारपाच दिवसांनी फवारणी, तीही दोनदोन औषधं एकत्र करून. रवी रोजाने फवारायला जायचा, बहुतेक वेळा शेजारच्या तांड्यातल्या रूपसिंगभाऊंच्या वावरात. पाऊस पाहिजे तेव्हा आला नाही, नको तेव्हा वारा सुटला, आणि त्या उंच पऱ्हाटीत औषधाचं धुकं वर जायच्या ऐवजी फवारणाऱ्याच्याच तोंडावर बसायचं.

ममताच्या डोक्यात हे दिवसभर घोळत असे. वार्निश मारताना लावायला शीलाने तिला दोन गाळण्यांचा मास्क पाठवला होता. वाटीभर वार्निशसाठी मी मास्क लावते आणि हा माणूस टाक्याच्या टाक्या विष उघड्या नाकाने ओढतो, हा हिशेब तिला पटत नव्हता. तिने तो मास्क रवीच्या हातात दिला. रवीने तो उलटासुलटा करून बघितला.

"मी काय बैल हाओ, मुसकं बांधून वावरात जायले?"

तरी एक दिवस तो घेऊन गेला. सोबतच्यांनी दिवसभर हंबरून हंबरून त्याची टर उडवली. दुसऱ्या दिवसापासून मास्क खुंटीवर आणि तोंडाला पुन्हा दुपट्टा.

मग ममता दुसरं काही नाही तर नजर ठेवू लागली. तो घरी आला की त्याचे हात बघायची, किती जेवतो ते बघायची, किती वेळा खोकतो ते मोजायची. आली आमची डॉक्टरीन, असं म्हणून तो हसायचा. डोळे तर ती सगळ्यांचेच बघायची, कारण तिला ते रंगवायचे होते. श्रावस्तीला दारातल्या उजेडात उभी करायची, मग घरात ओढायची. उजेडात बाहुली मसुरीएवढी, घरातल्या अंधारात उडदाएवढी. बघता बघता फुलायची. पोरीला वाटे आई खेळते आहे. आईच्या डोळ्यात तिला स्वतःचं तोंड दिसे आणि ती ओरडे, तुझ्या बाहुलीत मी आहे. इतकं बघूनही रंगवायला बसली की ममता टिंबच ठेवायची. तपकिरी रंगाच्या चार छटा तिने मोठ्या मेहनतीने साधल्या होत्या, त्या काळ्याखाली झाकायला मन होत नव्हतं.

तो मंगळवार होता. अकरा बाहुल्या झाल्या होत्या, बारावीचं तोंड कोरं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. रूपसिंगभाऊंनी मोटारसायकलवरून रवीला दारात आणून सोडलं. तो भिंतीला धरून आत आला आणि फळीखाली टेकून बसला. ऊन लागलं आहे, असं रूपसिंगभाऊंचं म्हणणं. मागे आणखी एकाला तसंच झालं होतं, गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावलं की उतरतं. इंदूबाईने लिंबाचं पाणी केलं. ते पोटात गेलं आणि लगेच उलटून आलं.

रवीच्या अंगातून घाम पाझरत होता, ऊन लागलेल्याच्या अंगावर असतो तसा कोरडा ताप नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि तो ती पुसतही नव्हता.

"घरात अंधार काहून केला व?" तो म्हणाला. "मले साफ दिसून नाही राह्यलं."

घरात नेहमीसारखाच अंधार होता. ममता त्याच्यासमोर बसली. बाहुलीची हनुवटी धरावी तशी तिने दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली.

एवढ्या अंधारात बाहुली उडदाएवढी असायला हवी होती. होतं फक्त एक टिंब. मोहरीएवढं, दोन्ही डोळ्यांत, हलत नाही, फुलत नाही. असा डोळा आपण बघितला आहे, इतकंच तिला आधी कळलं. कुठे, ते कळायला मान वर करावी लागली. रवीच्या डोक्यावर फळी होती, आणि फळीवरून अकरा बाया तिच्याकडे बघत होत्या. सगळ्यांचे डोळे तेच.

ओरडायला वेळच नव्हता. रंग पुसायचे रबरी हातमोजे तिने चढवले, रवीचा ओला सदरा काढला आणि त्याला धरून न्हाणीत नेलं. रंग काढायचं औषध बोटावर सांडलं की कातडीतून आत शिरतं, हे तिला सवयीने माहीत होतं. मग हे तर विष. साबण लावून तिने त्याचे केस धुतले, पाठ धुतली, काखा धुतल्या. घामाच्या अंगावर गार पाणी घालू नको म्हणून इंदूबाई मागून ओरडत राहिली. ममताने एकदाच वळून तिला सांगितलं, आई, श्रावस्तीला धरा आणि त्या सदऱ्याला हात लावू नका. सासूशी ती अशी कधी बोलली नव्हती. इंदूबाईने पोरीला उचललं.

आवाज ऐकून तानाआजी आली होती. ती रवीजवळ वाकली आणि त्याचे डोळे बघितले.

"माह्या उकंड्याचे असेच झालते," ती म्हणाली.

उकंडा तिचा मुलगा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हा तरी जगावा यासाठी मुद्दाम असं, उकिरड्याचं, नाव ठेवलेला. मागच्या भादव्यात फवारणी करून घरी आला आणि सकाळी उठलाच नाही. सगळ्यांनी झटका आला म्हटलं. डोळे फक्त आईने बघितले होते, आणि त्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी ती ममताच्या दारात येऊन बसली, त्या दिवशी तिला फळीवर तिचा मुलगा दिसला होता.

रूपसिंगभाऊ अजून दारातच उभे होते. गावातल्या डॉक्टरला इथेच बोलवावं, यवतमाळ म्हणजे दीड तासाचा रस्ता, पोराला कशाला हिंदळवायचं, असं त्यांचं चाललं होतं. मनाने वाईट माणूस नव्हता. पण आपल्या वावरातून माणूस असा घरी गेला, हे मान्य करायला त्याला जड जात होतं. ममताने त्यांना हाताने आत बोलावलं.

"भाऊ, बसा इथं. ह्या अंधारात बाहुली मोठी झाली पायजे. माह्या पोरीची पाहा. माही पाहा. आता यांची पाहा."

ते गुडघ्यावर बसले. श्रावस्तीच्या डोळ्यांत बघितलं, ममताच्या बघितलं, रवीच्या बघितलं. मग पुन्हा श्रावस्तीच्या बघितलं. उठले आणि जीपवाल्याला फोन लावला. जीप येईपर्यंत मोटारसायकल पिटाळून दोन्ही औषधांच्या बाटल्या वावरातून घेऊन आले. ममताने त्या बाराव्या बाहुलीच्या खोक्यात ठेवल्या, चारी बाजूंनी कापूस कोंबला आणि खोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.

यवतमाळच्या दवाखान्यात असे फवारणीवाले आधीच खाटाखाटांवर होते. डॉक्टरीणबाईंनी रवीच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, खोक्यातल्या बाटल्या वाचल्या आणि सुया सुरू केल्या. अंग कुणी धुतलं, हे विचारलं. ममताने मी म्हणून सांगितलं. चांगलं केलं, एवढंच म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्यानंतर ममताला एकच काम होतं. नर्स येऊन पापणी उचलायची तेव्हा ती मागून डोकवायची. मोहरी. पुन्हा मोहरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मसूर. मध्येच पुन्हा बारीक झाली, पुन्हा सुई वाढवली. पलीकडच्या खाटेवरचा माणूस तिसऱ्या दिवशी नव्हता. त्याची बायको खाटेखालच्या चपला गोळा करत होती. ममताने त्या बाईचा हात धरला. पाचव्या दिवशी सकाळी रवीने डोळे उघडले आणि ती बघतच राहिली.

"काय पाहून राह्यली?"

"बाहुली."

"कोणती? तुही का माही?"

तेव्हा ती रडली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

घरी आली तेव्हा दसऱ्याला बारा दिवस उरले होते. रवी खाटेवर, हातपाय कापसासारखे. ममताने फळीवरच्या अकराही बाहुल्या खाली काढल्या, औषध काढलं आणि डोळे पुसायला घेतले. झालेलं काम पुसते म्हणून इंदूबाई हळहळली. मग समोर बसून स्वतःच कापसाचे बोळे करून देऊ लागली. मुंडकी हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

ह्या वेळी तानाआजीला ममता स्वतः जाऊन घेऊन आली. आजी दारात नाही, आत बसली, तंबाखू न मळता. एकेक डोळा झाला की बाहुली तिच्या हातात जायची. ती लांब धरायची, जवळ धरायची, आणि बरेचदा परत द्यायची. अजून मोठी. अजून थोडी. तपकिरी रंगाच्या चार छटांपैकी दोनच उरल्या. एक बाहुली तिने बराच वेळ मांडीवर ठेवून घेतली.

"हे पाहून राह्यली आपल्याकडं," ती म्हणाली.

बारावी बाहुली बाईची झाली नाही. भंगारातून आणलेला एक बाप्या होता, त्याला ममताने उघडं मनगट दिलं नाही, लांब बाह्या दिल्या. पाठीवरचा पंप रवीने खाटेवर बसून केला, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाचा. तोंडाला मास्क. हे मुसकं बरं बसलं, असं रवी स्वतःच म्हणाला. त्याला वाचताना अक्षरं अजून पुसट दिसत होती, पण चिडवायचं तो विसरला नव्हता. रूपसिंगभाऊ येऊन तो बाहुला बघून गेले आणि जाताना, खरे मास्क नागपुरात कुठे मिळतात, ते विचारून गेले.

निघायच्या आदल्या दुपारी ममता वहीचे कागद फाडून बसली. छापून घेता आलं असतं, पण छापलेलं कुणी वाचत नाही, असं तिला वाटलं. बारा वेळा तिने तेच हाताने लिहिलं आणि प्रत्येक खोक्यात, बाहुलीच्या पायाशी, घडी करून ठेवलं:

"ही बाहुली माझ्या हातची आहे. तिच्या डोळ्यातली काळी बाहुली मोठी आहे, कारण ती सावलीत बसली आहे. आधी मी ती बारीक काढली होती. एका आईने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, ओळखीतलं कुणी फवारणीला जात असेल तर आज तो घरी आल्यावर त्याला सावलीत बसवा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. बाहुली मोहरीएवढी दिसली तर ऊन लागलं म्हणून निजवू नका. कपडे काढा, अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि मोठा दवाखाना गाठा. डोळे ठीक दिसले आणि तरी घाम, लाळ, ओकारी असली, तरीही न्या. तो हसेल, तुम्हाला डॉक्टरीन म्हणेल. म्हणू द्या. खोकं नंतर बंद करा. आधी जाऊन त्याला बघून या."