रामलिंगची डबल बेल

कल्याणप्पांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि मे महिन्यात ते निवृत्त झाले, पण त्यांचे पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. धाराशिवच्या तीन खोल्यांच्या घरात ते पहाटे चारपासून येरझाऱ्या घालत. पाच वाजता डेपोच्या फाटकाशी जाऊन भूमची पहिली गाडी वेळेवर सुटते का, ते बघून येत. शिवकांताबाई भाकरी थापत असायच्या आणि हे दारात उभे राहून, अजून किती वेळ, म्हणून विचारायचे. जायचं कुठं होतं, ते महादेवालाच ठाऊक. खाटेवर बसले तरी उजवा पाय फरशीवर दाबत राहायचा.

चार महिन्यांत शिवकांताबाई कावून गेल्या. तिकडं पुण्यात लेकीची, गायत्रीची, बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. बाळाला सांभाळायला ये, सहा महिने तरी राहा, म्हणून ती रोज फोन करत होती. सहा महिन्यांसाठी गेलेली बाई परत येतेच असं नाही, हे कल्याणप्पांना न सांगता कळत होतं. त्यांना भीती वाटली. जाऊ नकोस, असं ते म्हणाले, तेव्हा शिवकांताबाईंनी एकच अट घातली.

"लांबून लांबून लोक आपला जिल्हा बघायला येत्यात. तुमी त्यांना बत्तीस वर्षं न्हेऊन सोडलं, मला कवा दाखवलं? एक दिवस फिरवा. पर सावकाश, घड्याळ न बघता. जमलं तर मी ऱ्हाते. न्हाय जमलं तर पुणं."

कल्याणप्पा हसले. यात काय अवघड? पुतण्याची गाडी मागून आणली, घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि भाद्रपदातल्या एका मंगळवारी दोघं निघाले. शिवकांताबाई मागच्या सीटवर बसल्या. पुढं बसलं की नवऱ्याचे ब्रेक बघून त्यांनाच पाय दाबावासा वाटायचा. बोलणं नव्हतंच. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, ही एसटीतली पाटी कल्याणप्पांनी घरच्या गाडीलाही लागू केली होती.

पण जित्याची खोड. तेरच्या संग्रहालयात शिवकांताबाई एका मातीच्या बाहुलीपाशी रेंगाळल्या, तर हे दारात उभे राहून खिशात हात घालत होते. ढोकीला चहा घेतला तो उभ्यानं, आणि बशीत ओतून. शिवकांताबाईंनी आपला चहा बाकावर बसून, फुंकून फुंकून घेतला. तो इशारा कल्याणप्पांना कळला. तरी पाय ऐकत नव्हता, त्याला ते तरी काय करणार?

येडशीच्या अभयारण्यात रामलिंगला पोचले तेव्हा दुपार कलली होती. श्रावणातली गर्दी ओसरलेली. डोंगर हिरवागार, सीताफळांचे डोळे नुकते उघडायला लागलेले, खाली दरीत देऊळ आणि देवळाजवळ कातळावरून पडणारं पाणी. शिवकांताबाई पायऱ्यांवरच थबकल्या. वीस-एक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या गाडीतून त्या इथं आल्या होत्या, तेव्हा हॉल्ट दहा मिनिटांचा होता आणि पाणी बघायचं राहून गेलं होतं. कल्याणप्पांनी खाली जाऊन पिंडीला हात जोडले आणि चार मिनिटांत वर निघाले. तू ये सावकाश, असं बायकोला म्हणाले. एवढंच बोलून थांबले असते तर बरं होतं. पण त्याच दमात म्हणाले, वीस मिनिटं आहेत.

गाडीत येऊन त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं, काच खाली केली आणि मान मागं टाकली. हॉल्टवर पाच मिनिटं डोळा लावायचा आणि बेलला जागं व्हायचं, ही त्यांची बत्तीस वर्षांची विद्या. वारा गार होता. डोळा लागला.

खालून देवळाची घंटा ऐकू आली. टण, टण.

दोन टोले म्हणजे डबल बेल, म्हणजे निघा. कंडक्टरनं माणसं मोजली, दार लावलं, आता ड्रायव्हरनं मागं बघायचं नाही. हातानं किल्ली फिरवली, पायानं क्लच दाबला आणि डोळे धड उघडायच्या आत गाडी चढाला लागली होती. हायवेला लागल्यावर कल्याणप्पांना छान वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच जिवाला स्वस्थता आली होती.

येरमाळ्यात येडेश्वरीचा डोंगर दिसला तशी त्यांनी सवयीनं गाडी स्टँडात घातली आणि उतरणाऱ्यांसाठी थांबले. कुणी उतरेना. बेलही येईना. कंडक्टर झोपला की काय, म्हणून त्यांनी वैतागून मागं पाहिलं. सीटवर शिवकांताबाईंची हिरवी शाल होती, धपाट्यांचा डबा होता आणि त्यांचा फोन होता. फोनवर गायत्रीचं नाव झळकत होतं.

विना-अपघात सेवेचा बिल्ला मिळवलेला माणूस, उभ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही, आणि आज बायकोच मागं विसरून आला होता. त्यांनी गाडी वळवली. येडशीच्या जंगलात वाघ फिरतोय म्हणून मागं पेपरात येऊन गेलं होतं, ते आत्ताच आठवायचं होतं. तिचा गुडघा दुखतो, तेही आठवलं. पण खरी धास्ती वाघाची नव्हती. सकाळची अट त्यांच्या कानात घुमत होती. वीस किलोमीटर येताना कळले नव्हते, जाताना सरता सरेनात.

रामलिंगला त्यांनी गाडी उभी केली आणि दार उघडं टाकून पायऱ्या उतरत सुटले. शिवकांताबाई ओढ्याकाठी बसल्या होत्या. लुगडं घोट्यावर घेतलेलं, पाय पाण्यात, आणि एक वानर दोन हात अंतरावर बसून त्यांच्या हातातल्या खोबऱ्याकडं बघत होतं.

"कुठपर्यंत गेला व्हता?" त्यांनी विचारलं.

"येरमाळ्यापर्यंत." खोटं बोलायची हिंमत नव्हती.

शिवकांताबाईंनी सांगितलं की घंटा त्यांनीच वाजवली होती, एकदा लेकीसाठी, एकदा नातवासाठी. मग वर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. त्या दोन पायऱ्या धावल्या आणि थांबल्या.

"हाक का न्हाय मारली?"

"बघावं म्हणलं, किती लांब गेल्यावर मागं बघताय." त्या पाण्याकडं बघत बोलत होत्या. "घरात कोण जेवलं, कोण यायचं ऱ्हायलं, ते बत्तीस वर्षं मीच बघितलं. तुमी फकस्त पुढं बघितलं. आज मीच मागं ऱ्हायले, तर बघायला कुणी न्हवतं."

कल्याणप्पांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"तू जा पुण्याला," ते म्हणाले. "मी आडवत न्हाय."

शिवकांताबाई काही बोलणार तोच त्यांचं लक्ष वर गेलं. वरून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. चहापुरतीही गाडी चालू ठेवली म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरांना चारचौघांत झाडणारा हा माणूस.

"गाडी चालूच ठिऊन आला व्हय?"

"असू दे," कल्याणप्पा म्हणाले आणि शेजारच्या ओल्या दगडावर बसले.

शिवकांताबाईंनी हातातल्या खोबऱ्याचे तीन तुकडे केले. एक वानराला टाकला, एक नवऱ्याला दिला. घड्याळ कुठंय, असं त्यांनी विचारलं, तर ते कुठल्याशा वळणावर सीटखाली घरंगळलं होतं. पाणी पडत राहिलं. कल्याणप्पांचा उजवा पाय अजून दगडावर दाबत होता, पण उठायची भाषा त्यांनी केली नाही. उन्हं डोंगराआड गेल्यावर शिवकांताबाईच उठल्या.

पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी निकाल सांगितला. पुण्याला त्या जाणारच होत्या. पण सहा नाही, दोन महिने.

"न्हेऊन तुमीच सोडायचं," त्या म्हणाल्या. "आणायला बी तुमीच यायचं."

गाडी धापा टाकत उभीच होती. शिवकांताबाईंनी मागचं दार सोडून पुढचं उघडलं आणि बसल्या. कल्याणप्पांनी गिअरवर हात ठेवला, मग वळून मागच्या सीटकडं पाहिलं. शाल होती, डबा होता, फोन होता. मग त्यांनी शेजारी पाहिलं, आणि त्या ‘चला’ म्हणेपर्यंत थांबून राहिले.