चौदा नंबरचं हाड

"मॅडम, एकदा पिवळ्या पिशवीत गेलं की परत काढता येत नाही. काय पाहायचं ते आधीच पाहून घ्या," असं म्हणत आकांक्षाने कपाटाची किल्ली शकुनताईंच्या हातात दिली.

कपाट त्यांचंच होतं. संधिवातावरचे उपचार आणि मोडलेलं हाड भरून आणणं, एवढ्या दोन गोष्टींमागे अकोल्याच्या या प्रयोगशाळेत त्यांची एकतीस वर्षं गेली. निवृत्त होऊनही आता सहा झाली. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती, जुने नमुने पिवळ्या पिशव्यांत भरून नष्ट व्हायचे होते, म्हणून या जुन्या विद्यार्थिनीने आठवणीने फोन केला. सकाळच्या एसटीने शकुनताई अमरावतीहून निघाल्या, त्या एका तुकड्यासाठी.

मेणाच्या वड्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत हाडाची चकती, वर नंबर. सशांची, शेळ्यांची आणि शेवटच्या खणात माणसांची. चौदा नंबर त्यांना डोळे मिटूनही सापडला असता.

ती त्यांची माय होती, मैनाबाई.

अंजनगावच्या पानपिंपळीच्या मळ्यात उकिडवं बसण्यात मायचा जन्म गेला, आणि गुडघेही. दर दिवाळीला ती विचारायची, "शकुन, गुडघ्याले लावाचं तुयं औषध झालं का व?"

"होऊन राहिलं, माय."

शकुनताईंच्या लेपाने सशाच्या हाडातली फट सहा आठवड्यांत भरायची. शेळीचीही भरली. माणसांची भरली नाही. पंचाहत्तरीत मायचा गुडघा शेवटी कापून बदलावा लागला. कापलेलं हाड शकुनताईंनी अभ्यासासाठी रीतसर मागून घेतलं. कागदावर अंगठा उठवताना माय म्हणाली, "झिजलेलं हाड काय कामाचं व?"

"कावून झिजलं, थे पाह्यतो."

"पाह्य मंग. पण काम झालं का वापस आणजो. मले अर्धीमुर्धी नोको धाडू."

काम काही झालं नाही. चार वर्षांपूर्वी माय गेली. पूर्णेत अस्थी शिरवताना धाकटा भाऊ भगवंता म्हणाला, "झाली माय मोकळी." शकुनताई पाण्याकडे पाहत राहिल्या.

आता त्यांनी चौदा नंबर रुमालात घेतला.

"हे एक मी नेते."

आकांक्षाने रजिस्टर पाहिलं. "मॅडम, हे माणसाचं आहे."

"हो."

"माणसाचं काही बाहेर..." ती थांबली. नियमाचा कागद तिच्या मागे भिंतीवरच होता, पिवळा पडलेला. खाली सही शकुनताईंची.

तेल्हाऱ्याचा एक माणूस बापाचं हाड मागायला दोनदा आला होता. "राखेत मिसळाचं हाय जी, दुसरं काही नाही," म्हणाला होता. त्याला दारात उभं करून त्यांनी हाच कागद वाचून दाखवला होता. आवाजसुद्धा चढवला नव्हता. दुसऱ्या वेळी तो पिशवीत संत्री घेऊन आला होता. ती त्यांनी परत केली.

"कोणाचं आहे, मॅडम?" आकांक्षाने हळूच विचारलं.

"रजिस्टरात नाव लिहीत नाहीत."

"न्या तुम्ही. मी पाहिलंच नाही."

पंखा फिरत होता. शकुनताईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. काहीच आलं नाही. त्यांनी रुमाल उलगडला, चौदा नंबर पिवळ्या पिशवीत ठेवला, टाकला नाही, आणि 'नष्ट' या रकान्यात सही केली.

दाराशी म्हातारा शिपाई नत्थुजी उभा होता. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यातून मायचं हाड ठेवलेला बर्फाचा डबा सायकलवर त्यानेच आणला होता.

"मॅडम, थे तं मावशीचं..."

"नत्थुजी, पिशवीचं तोंड बांधा."

त्याने बांधलं. मग तो मागच्या दाराने निघून गेला.

शकुनताई बाहेर आल्या तेव्हा पायरीपाशी पाण्याची बादली होती, मसणातून परतणाऱ्यांसाठी दारात ठेवतात तशी. शेजारी नत्थुजी.

"पाय धुवा जी."

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला. गुडघे वाकेनात. नत्थुजीने लोटा बुडवला आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या.