मेणातल्या जानकाबाई

मित्रांनो, मी मेणाची एक जुनी वडी आहे, काडेपेटीहून लहान. माझ्या पोटात जानकाबाईंच्या जठराचा नखाएवढा तुकडा जपलेला आहे.

जानकाबाई अवसरी बुद्रुकच्या. जेवण जाईना म्हणून मुलगा राजरत्न त्यांना पुण्याच्या इस्पितळात घेऊन आला. जठराचा कर्करोग निघाला. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा टिकावा म्हणून मेणात बसवला आणि माझा जन्म झाला. माझे केसाहून पातळ काप काढून डॉक्टरांनी आजार तपासला. जानकाबाई बऱ्या होऊन गावी गेल्या. मी मात्र कपाटात धूळ खात पडले.

काही वर्षांनी त्याच इस्पितळात संशोधन करणाऱ्या डॉ. हर्षालीताईंनी मला बाहेर काढलं. तुकड्यातली कोणती जनुकं जागी आणि कोणती निजलेली, हे मोजून कोणाचा आजार उलटेल, कोण किती जगेल, याचा अंदाज येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तपासणीला आलेल्या जानकाबाईंच्या हातावर मला ठेवून त्यांनी परवानगी मागितली.

"एवढंसं व्हय हे? लई छळलं यानं," जानकाबाई म्हणाल्या, आणि तरी अंगठ्याने मला कुरवाळलं. "घ्या ताई. पर माझं काय निघंल ते मला सांगू नगा. औंदा नातीचं लगीन हाय."

जानकाबाईंचा आजार उलटण्याचा धोका मोठा निघाला. हर्षालीताईंनी शब्द पाळला, फक्त तपासणीला वरचेवर बोलावलं. नातीचं लग्न थाटात झालं. पुढे आजार उलटला आणि जानकाबाई गेल्या.

माझ्यासारख्या पुष्कळ वड्यांचे अंदाज खरे ठरले. कौतुक झालं. हर्षालीताईंनी मात्र मला हातात धरून माझ्यावरची धूळ पुसली.

मग एकदा राजरत्न आला. "आईचं काय ऱ्हायलंय का हितं?"

ताईंनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "हवी तर घेऊन जा, भाऊ."

त्याने बराच वेळ मूठ मिटून ठेवली. मग मला परत दिलं. "ऱ्हाऊ द्या. आईला रिकामं बसायला आवडायचं न्हाई."

परवा लोणी गावच्या एका बाईंचा तुकडा माझ्याशी ताडून पाहिला. जनुकं तशीच निघाली, म्हणून त्यांचे उपचार लवकर सुरू झाले.

मित्रांनो, दर कापागणिक मी झिजते आहे. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी असं कपाट उघडलं, तर आम्हाला ऊन लागू देऊ नका, आणि हात जरा हळू लावा. इथे प्रत्येक वडीत कोणाचं तरी माणूस आहे.