काळ्या डोंगराचं कढलं

मी एक कढलं बोलतेय. व्याकरण पाहणारे इथेच अडतील. कढलं म्हटलं की 'बोलतंय' हवं. पण जन्माने मी जेझवा, म्हणजे कॉफी उकळायचं तांब्याचं भांडं, आणि आमच्याकडे जेझवा ती असते. सासरी आल्यावर मुलीचं आडनाव बदलतं, कुठे नावही बदलतं; माझं तर लिंगच बदललं. तरी बोलताना माहेरची सवय सुटत नाही. सांभाळून घ्या.

माझं माहेर मॉन्टेनेग्रो. नावाचा अर्थ काळा डोंगर. तिथल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि बुडाशी देशाचं नाव उमटवलं: युगोस्लाव्हिया. बूड रुंद, गळा अरुंद, दांडा चांगला वीतभर. मिलेनाच्या आईच्या स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली होते आणि बाहेर त्या देशाचे एकेक तुकडे होत होते. शेवटी सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो एवढे दोघेच एकत्र उरले. त्यांनी नावही दोघांचं मिळून घेतलं, लग्नपत्रिकेवर असतं तसं. मी खिळ्यावरून हलले नव्हते, माझा पत्ता मात्र बदलत होता.

मिलेना नर्स होऊन कुवेतला आली तेव्हा आईने मला तिच्या बॅगेत घातलं. तिचा नवरा झोरान सर्बियाचा, बांधकामावर इंजिनीअर. सलवामध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, आणि समोरच्या दाराआड पुण्याचं एक बिऱ्हाड. थोरला शशिकांत अहमदीला तेलकंपनीत, त्याची बायको शैला, आणि धाकटा भाऊ सुमेध. सुमेधला कुवेतला शशिकांतनेच आणलेलं. तो मिलेनाच्याच हॉस्पिटलात, लॅबमध्ये.

दोन हजार सहा उजाडलं आणि सुमेधची बायको आली. सुखदा. रत्नागिरीकडची, बोलायला कमी आणि बघायला फार. मिलेनाने तिला लिफ्टपाशी गाठलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मी तिच्या हातात दिली, "फॉर युवर किचन" म्हणाली आणि ड्यूटीला पळाली. काय आहे, कशासाठी आहे, काही नाही.

सुखदाने मला उलटंसुलटं पाहिलं. लांब दांडा, एवढासा जीव. तिला जराही शंका आली नाही.

"वहिनी, बघा ना, फोडणीचं कढलं! यांच्याकडेही फोडणी करतात वाटतं."

आयुष्यभर मी पाणी, साखर आणि कॉफी पाहिलेली. त्या संध्याकाळी माझ्यात तेल पडलं, मग मोहरी. मला वाटलं, घराला पुन्हा लढाई लागली. मग हिंग. हिंगाबद्दल मी काय सांगू! त्याची सवय होत नाही, तो आपली सवय करून घेतो. महिन्याभरात माझी कल्हई ठिकठिकाणी उडाली.

शैलाने मात्र पहिल्याच दिवशी पसंतीची पावती दिली. "गळा अरुंद आहे ना, मोहरी बाहेर उडत नाही. नाहीतर माझा ओटा बघवत नाही."

माझा ओटा. सुखदाने तो शब्द ऐकला आणि पुसायचं फडकं नीट घडी करून ठेवलं. शैला वाईट नव्हती, अगदी मायेची होती. पण ओटा तिचा होता, डबे तिचे होते आणि आमटीत गूळ पडायचाच. सुखदाने माहेरून आणलेली विळी साडीत गुंडाळलेली, पलंगाखाली. नारळ खोवायला तिथे जागाच नव्हती. शैला डब्यातला सुका कीस वापरायची. कुळथाच्या पिठाची पिशवी अजून उघडलेली नव्हती.

तळमजल्यावरचा लहान फ्लॅट रिकामा झाला, तेव्हा चहा उकळेपर्यंत नवराबायकोचं बोलणं झालं. माझ्यासमोरच.

"मी भांडून जाऊ म्हणत नाही," सुखदा म्हणाली. "तीन मजले खाली तर जायचंय."

"दादाला ते खाली वाटणार नाही, बाहेर वाटेल," सुमेध म्हणाला. "त्याने मला इथे आणलं गं. कुठल्या तोंडाने सांगू?"

"चहा उतू जातोय," ती म्हणाली. तिचं मोठं बोलणं असं लहान बोलण्यात संपायचं.

मग मे महिना आला. मॉन्टेनेग्रोत मतदान ठरलं: सर्बियाबरोबर राहायचं की वेगळं व्हायचं. मिलेना मत द्यायला गावी गेली. झोरानला मतच नव्हतं, तो इथे राहिला. शैला त्याला दोन्ही वेळचा डबा द्यायला लागली, जणू बायको कायमचीच गेली.

निकालाच्या संध्याकाळी शशिकांतने त्याला टीव्हीसमोर आपल्या शेजारी बसवून घेतलं. वेगळं व्हायला पंचावन्न टक्के लागत होते; त्याहून जेमतेम अर्धा टक्का जास्त पडला. पडद्यावर झेंडे, फटाके, गाड्यांचे भोंगे. मी स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत होते. ओळखीचं गाणं लागलं तेव्हा खिळ्यावर जरा हलले असेन, पण तो एसीचा वाराही असेल.

नेमके तेव्हाच घरमालक आणि इमारतीचा वॉचमन हमीद, इजिप्तचा माणूस, एसीचं गळणारं पाणी बघायला वर आले. दोघेही पाणी विसरून टीव्ही बघत उभे राहिले.

"हमारा मिस्र और सूरिया भी एक था," हमीद इजिप्त-सीरियाबद्दल म्हणाला. "फिर खलास." आणि हात झटकून मोकळा झाला.

घरमालक कुवेती, नव्वद साली इराकने देश गिळला तेव्हा इथेच होता. तो म्हणाला, "इनको पूछा ना? बहुत अच्छा है. हमको किसीने नहीं पूछा. सुबह उठा तो बोला, तुम्हारा देश अब नहीं है."

शैलाने सगळ्यांना सरबत दिलं.

ते दोघे गेल्यावर शशिकांतने झोरानच्या खांद्यावर हात ठेवला. इंग्रजीत थोडं सांत्वन केलं आणि उरलेलं मराठीत, घरच्यांसाठी. "आमच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी पाठीवर लाठ्या घेतल्या. जोडायला! आणि हे लोक तोडायला रांगा लावतात. एकदा वेगळी चूल मांडायची म्हटली ना, की संपलं सगळं."

सुमेध रिकामे पेले घेऊन आत आला. "झालं," तो कुजबुजला. "आता वर्षभर विषय काढायचा नाही."

सुखदाने पेले विसळले. एकदा विसळलेले पुन्हा विसळले.

शुक्रवारी मिलेना परतली आणि दोन्ही घरांत श्वास रोखले गेले. समोरच्या दाराआडून मोठमोठ्याने आवाज आला. शैला दाराला कान लावून उभी, "भाषा कळली असती तर बरं झालं असतं" म्हणत. मग बेल वाजली. मिलेना आणि झोरान दोघंही दारात, हातात गावाकडचं चीज.

"भांडलात?" शैलाने सरळ विचारलं.

"भांडणारच!" मिलेना म्हणाली. "मी नव्हते तेवढ्या दिवसांत याने एक कपडा धुतला नाही. देश वेगळा झाला, नवरा तोच आहे." झोरानने हात जोडले, ते तो शैलाकडून शिकला होता. "सुखदा, कॉफी कर. माझ्या जेझवेत."

"कशात?"

मिलेना स्वतःच आत आली. खिळ्यावर मी. तळाशी करपलेल्या दोन मोहऱ्या, गळ्याला हळदीचं कडं. तिने मला हातात घेतलं, हुंगलं आणि ती तिथेच फरशीवर बसली. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. कारण कळल्यावर सुखदाने पदराने तोंडच झाकलं. "अगं बाई! तुझ्या आईचं भांडं, आणि मी त्यात हिंग..."

मला घासूनघासून कॉफी झाली. झोरानने घोट घेतला, जरा थांबला. "पोट बिघडल्यावर माझी आजी असलं काहीतरी द्यायची," तो म्हणाला, आणि कप संपवला.

सगळे हसले. शशिकांतही हसला, पण लगेच सावरला. "ते ठीक आहे. पण तत्त्व म्हणून हे वेगळं होणं वाईटच."

तेव्हा सुखदा बोलली. हातात रिकामी मी, दांडा घट्ट धरलेला.

"भाऊजी, एक विचारू? एक मेला मंडळात तुम्ही भाषण करता, जिलबी वाटता. त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

"काय म्हणजे? महाराष्ट्र राज्य झालं!"

"म्हणजे गुजरातपासून वेगळं झालं. तोवर मुंबई राज्य दोघांचं मिळूनच होतं ना? आणि त्याच दिवशी खालच्या गुजराती काकू आपल्याकडे ढोकळा पाठवतात. वेगळे झालो म्हणून ढोकळा यायचा थांबला नाही."

एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. सुमेध आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. पहिली हसली ती शैला. मग ती हसायची थांबली.

"सुखदा, तुला तळमजला हवाय का?"

"हो, वहिनी."

"मग एवढे महिने बोलली का नाहीस? मलाही माझा ओटा परत हवाय गं!"

शशिकांतने बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे. "म्हणजे सगळं ठरलेलंच आहे. घ्या मतदान. तीन विरुद्ध एक. पंचावन्न टक्क्यांच्या वरच आहात."

"नाही, भाऊजी," सुखदा म्हणाली. "तुमचं मत पडल्याशिवाय मी जाणार नाही."

तो गॅलरीत गेला. मे महिन्यातल्या दुपारी कुवेतमध्ये गॅलरीत कुणी जात नाही. तो गेला आणि उभा राहिला.

पुढचे काही दिवस त्या घरात फक्त मी तडतडत होते. सुखदाने फ्लॅटचं नाव काढलं नाही. विळी पलंगाखालीच होती.

मग एका गुरुवारी, सुट्टीचा दिवस, शशिकांत सकाळीच बाहेर पडला. दुपारी इंटरकॉम वाजला. "सुखदा, खाली ये. आणि ते कढलं घेऊन ये."

ती मला घेऊन धावत निघाली. लिफ्टची वाटही पाहिली नाही. तळमजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडं, आत सामान काही नाही. फक्त ओट्यावर नवी कोरी शेगडी. हमीद गॅसचं सिलेंडर घरंगळत आणत होता आणि शशिकांत गुडघ्यांवर बसून नळीला साबणाचा फेस लावत होता, कुठे बुडबुडा येतो का ते बघायला. शर्ट घामाने चिकटलेला.

"घरमालकाशी बोललोय," तो नळीकडे बघतच म्हणाला. "वेगळी चूल मांडायचीच, तर धड तरी मांडा. सुम्याला गॅस जोडता येत नाही, लहानपणापासून." मग उठला, काडी ओढली आणि शेगडी पेटवली. "हे माझं मत. आता कर काहीतरी."

सुखदा वाकली आणि पाया पडली. तो "अगं, अगं" करत मागे सरकला तो सिलेंडरवर आपटला. त्या गडबडीत दोघांचेही डोळे पुसून झाले.

विळी खाली आली. मी तिला प्रथमच पाहिलं. स्वभावाने धारदार, पण कामाची. सुखदा फरशीवर बसून नारळ खोवत होती आणि शैला दारातून बघत होती. कुळथाचं पिठलं झालं. माझ्यात लसूण लालबुंद झाला. पहिलाच आपल्या हातचा, आपल्या घरचा घास, आणि त्यात मीठ घालायचं राहिलं.

"यात गूळ नाही का?" शशिकांतने विचारलं.

"नाही, भाऊजी."

"हं," म्हणाला, वरून मीठ घेतलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

खरी वाटणी पुढेच अडली. शैला म्हणाली, "बाकी सगळं ने, कढलं इथे राहील. माझा ओटा खराब होतो." सुखदा म्हणाली, "ते मला मिळालेलं आहे." मिलेना म्हणाली, "दोघींचं जमत नसेल तर माझी जेझवा मला द्या." शेवटी ठरलं: मी तळमजल्यावर राहायचं आणि शुक्रवारी वर जायचं, कारण शुक्रवारचं जेवण वर, एकत्र, ही शशिकांतची अट होती.

आता दोन हजार आठ सरत आलंय. माझ्या बुडाशी उमटवलेल्या देशाचं नाव काजळीखाली गेलंय. ज्या दोन नावांच्या देशातून मी आले तोही उरला नाही. तळमजल्यावरच्या खिळ्याला मी टांगलेली असते, खाली विळी, आणि दर शुक्रवारी फडक्यात गुंडाळून तीन मजले वर जाते. दार उघडताना शशिकांत आत हाळी देतो, "शैला, काळ्या डोंगराच्या पाहुण्या आल्या गं!" आणि पाठोपाठ विचारतो, "पिठलं आणलंय ना?"

एवढंच मागणं आहे. कुणी कल्हईवाला ओळखीचा असेल आणि कधी कुवेतला येणार असेल, तर त्याला सलवाचा पत्ता द्या. कल्हई पार गेली आहे. पण हिंगाचा वास तेवढा काढू नको म्हणावं. झोरानला आता त्याशिवाय कॉफी गोड लागत नाही.